धर्मादाय संस्थेचा सामाजिक उद्योग करताना : एका संस्था-सचिवांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

नमस्कार.

आपला प्रश्न मला समजला तो असा. अकोले तालुक्यात आपली संस्था सुमारे दोन दशके महिलांसाठी काम करते आहे. ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे आणि तिच्याकडे प्राप्तिकराच्या १२एबी (संस्थेला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करात वजावट) या दोन्ही नोंदण्या आहेत. परदेशी देणगी जवळजवळ थांबली आहे, आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीचा भरवसा या मार्चपासून पुढच्या मार्चपर्यंतच धरता येतो. संस्थेच्या नाचणी पापड केंद्रात पंधरा महिला आळीपाळीने काम करतात, दरमहा २०० ग्रॅमची सुमारे २,००० पाकिटे ७० रुपये दराने जातात आणि पाकिटामागे २४ रुपये सुटतात, असे आपण लिहिले आहे. यावरून विश्वस्त मंडळात संस्थेचेच कंपनीत रूपांतर करून 'सामाजिक उद्योग' व्हावे असा विचार पुढे आला आहे, आणि पुण्याचे एक हितचिंतक त्यात १५ लाख रुपये घालायला तयार आहेत. कंपनी खासगी मर्यादित असावी की कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, म्हणजे नफा सभासदांना न वाटणारी, हे आपण मुख्यतः विचारले आहे.

स्वयंसेवी संस्थांचे हिशेब, अंदाजपत्रके आणि संस्थात्मक रचना हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की आपला प्रश्न कंपनीच्या प्रकाराचा नाही. पापड केंद्र आज नेमके कोणाच्या पैशावर उभे आहे, आणि तो पैसा थांबल्यावर तो भार ग्राहक उचलणार, महिला उचलणार की आणखी कोणी, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर हाती आले की कायदेशीर रूप ठरवणे तुलनेने सोपे जाते. उलट क्रमाने गेल्यास कंपनी नोंदली जाते आणि मूळ तोटा तिच्या ताळेबंदात जसाच्या तसा उतरतो. माझे मत आरंभीच सांगतो : संस्थेचे रूपांतर करू नका. तिच्यातले जे काम विकले जाऊ शकते ते आधी हिशेबाने, मग माणसांनी आणि सर्वांत शेवटी कायद्याने वेगळे करा.

रूपांतर का नको, ते आधी पाहू, कारण मंडळात सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर असतात. सार्वजनिक न्यासाने, म्हणजे आपल्यासारख्या ट्रस्टने, एका अर्जावर कंपनी होण्याची वाट महाराष्ट्राच्या न्यास कायद्यात नाही. संस्थेची इमारत, जमीन, यंत्रे, ठेवी हे सारे लोकांच्या हितासाठी विश्वस्तांकडे सोपवलेले आहे. विश्वस्तांनी ठराव केला म्हणून ते कंपनीचे भांडवल होत नाही. स्थावर मालमत्ता विकायची, देऊन टाकायची किंवा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने इमारत भाडेपट्ट्याने द्यायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्याच्या जोडीला प्राप्तिकर आहे. २०१६ च्या वित्त अधिनियमाने कलम ११५टीडी आणले. करसवलत घेणारी संस्था सवलतीस पात्र नसलेल्या रूपात गेली, तर तिच्या मालमत्तेच्या बाजारमूल्यातून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेवर कमाल दराने कर द्यावा लागतो. म्हणजे आपली इमारत विकली गेली नाही, हातात रुपयाही आला नाही, तरी तिच्या आजच्या बाजारभावावर कर भरण्याची वेळ येऊ शकते. (१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ अंमलात येत असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात, मी सर्वत्र १९६१ च्या अधिनियमातले क्रमांक दिले आहेत, आपले सनदी लेखापाल त्यावरून नवे क्रमांक सांगू शकतील.)

मग निदान संस्थेनेच कंपनीचे शेअर घ्यावेत, असे कोणी तरी सुचवते. तेही होत नाही. न्यासाचा पैसा कशात गुंतवावा हे न्यास कायद्याच्या कलम ३५ ने आणि प्राप्तिकराच्या कलम ११(५) ने ठरवून दिलेले आहे आणि खासगी कंपनीचे शेअर त्यात बसत नाहीत. तिसरी सूचना सर्वांत धोक्याची असते : विश्वस्तांनी आपल्या नावावर खासगी कंपनी काढावी आणि संस्थेची खोली, यंत्रे व नाव तिने वापरावे. हेतू कितीही स्वच्छ असला तरी प्राप्तिकराच्या कलम १३ च्या दृष्टीने हा संस्थेच्या साधनांतून विश्वस्तांना मिळालेला लाभ ठरू शकतो, आणि गावाच्या दृष्टीनेही तो तसाच दिसतो. हा प्रस्ताव मंडळासमोर आला असेल तर तो इतिवृत्तात स्पष्ट नाकारून ठेवा. परदेशी देणगीतून घेतलेले एखादे यंत्र केंद्रात असेल तर त्याची वेगळी यादी करा, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण मनाई आहे. ते यंत्र हलवण्यापूर्वी एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) जाणणाऱ्या लेखापालांचे लेखी मत घ्यावे.

आता २४ रुपयांकडे वळतो, कारण आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच आहे. कच्चा माल व पाकीट मिळून २८ रुपये आणि कांडणे, लाटणे, वाळवणे, भरणे या सगळ्याची मजुरी १८ रुपये, असे ४६ रुपये आपण धरले आहेत. ७० मधून ४६ गेले की २४ उरतात, इथपर्यंत हिशेब बरोबर आहे. पण तो केंद्राचा पूर्ण हिशेब नाही. आपलीच इतर माहिती मी त्यात भरून पाहिली. पाकिटे दुकानांतून जातात आणि दुकानदार २५ टक्के घेतो, म्हणजे साडेसतरा रुपये. संगमनेर-नाशिकपर्यंतची वाहतूक ३ रुपये, तुटलेला व परत आलेला माल २ रुपये धरू. समन्वयक ताईंचा पगार १८,००० आणि लेखनिकांच्या पगारातला निम्मा वाटा ८,००० हे आज सीएसआर प्रकल्पातून जातात. ते २,००० पाकिटांवर वाटले की पाकिटामागे १३ रुपये होतात. खोलीचे भाडे संस्था घेत नाही, पण वीज व वाजवी भाडे मिळून महिना ६,००० धरले तर ३ रुपये आणि यंत्रांची झीज महिना ४,००० धरली तर २ रुपये. एकूण खर्च साडेशहाऐंशी रुपये. म्हणजे ७० रुपयांच्या प्रत्येक पाकिटामागे साडेसोळा रुपये कोणी तरी दुसरे देत आहे. महिन्याला हे ३३,००० आणि वर्षाला जवळजवळ ४ लाख रुपये होतात. त्यातला बहुतेक भाग आज सीएसआर देणारी कंपनी देते, मात्र ते केंद्रासाठी जातात हे तिला माहीत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही.

यावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय सुचवला जातो : उत्पादन वाढवा. आपल्या बाबतीत त्याने काय होते ते पाहा. पाकिटागणिक वाढणारा खर्च म्हणजे ४६, साडेसतरा, ३ आणि २, असे साडेअडुसष्ट रुपये. दुकानातून गेलेल्या पाकिटातून पगार, भाडे, झीज भागवायला फक्त दीड रुपया उरतो. हे स्थिर खर्च महिना ३६,००० आहेत. दीड रुपयाने ३६,००० भरून काढायला महिन्याला २४,००० पाकिटे विकावी लागतील, म्हणजे आजच्या बारापट. आणि तेवढे उत्पादन करताना हे स्थिर खर्च ३६,००० वर थांबणारही नाहीत. अशा स्थितीत १५ लाखांचे नवे यंत्र घेणे म्हणजे तोटा वेगाने तयार करणे होय. याउलट निम्मा माल दुकानाशिवाय थेट गेला आणि किंमत ७० ऐवजी ८० झाली तर दुकानातल्या पाकिटामागे ९ रुपये आणि थेट पाकिटामागे २९ रुपये उरतात. सरासरी १९ रुपये धरली तर सुमारे १,९०० पाकिटांवर केंद्र आपला खर्च भागवते, म्हणजे उत्पादन आज आहे तेवढेच राहूनही. थेट विक्रीलाही खर्च आहे, हे मी विसरलेलो नाही. मुंबईचे महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा अशा ठिकाणी गेले तर स्टॉल, प्रवास, मुक्काम आणि तेवढे दिवस तिथे उभ्या राहणाऱ्या महिलांची मजुरी हे सगळे धरावे लागते. म्हणून प्रदर्शनांपेक्षा वसतिगृहे, कंपन्यांची उपाहारगृहे, गृहनिर्माण संस्थांमधले गट अशी महिन्याची ठरलेली मागणी मी जास्त मोलाची मानतो. पण निष्कर्ष बदलत नाही : आपल्या केंद्राचा प्रश्न यंत्राचा वा भांडवलाचा नसून किंमत आणि विक्रीच्या वाटेचा आहे.

मजुरीबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. खर्च कमी करायचा म्हटले की सर्वांत आधी हात मजुरीकडे जातो. आज दिवसाला चार किलो पापड करणाऱ्या महिलेला ९० रुपये किलोप्रमाणे ३६० रुपये मिळतात. केंद्राची महिन्याची एकूण मजुरी ३६,००० आहे आणि ती पंधरा जणींत वाटली जाते, म्हणजे प्रत्येकीच्या हाती सरासरी २,४०० रुपये पडतात. हा दर किमान वेतनाशी ताडून पाहा आणि त्याखाली तो कधीही जाऊ देऊ नका. केंद्राचा तोटा मजुरी कमी करून भरला तर संस्थेला अनुदान देणाऱ्यांच्या यादीत त्या महिलांचीच भर पडते, आणि ज्या कामासाठी आपण दोन दशके घालवली त्याला अर्थ उरत नाही. उद्योग 'सामाजिक' आहे की नाही हे मी आधी त्या २,४०० च्या आकड्यावरून ओळखतो : तो तीन वर्षांत ५,००० कडे चालला आहे का, आणि महिन्यातले कामाचे दिवस वाढत आहेत का.

आता कायदेशीर रूपाकडे येऊ. भारतात सामाजिक उद्योग नावाचा वेगळा नोंदणीप्रकार नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२ मध्ये सोशल स्टॉक एक्स्चेंजसाठी (सामाजिक संस्थांना निधी उभारता यावा म्हणून बाजारातच केलेला वेगळा विभाग) सामाजिक उपक्रमाची व्याख्या केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूची उन्नती फाउंडेशन त्यावर सूचिबद्ध होणारी पहिली संस्था ठरली. पण तो निधी उभारणीचा मार्ग आहे, आपल्या आकाराच्या संस्थेने आज त्याचा विचार करण्याचे कारण नाही. व्यवहारात आपल्यासमोर हे पर्याय उरतात : काम न्यासातच ठेवणे, कलम ८ ची कंपनी, उत्पादक कंपनी, सहकारी संस्था आणि खासगी मर्यादित कंपनी.

न्यासात राहून विक्री करता येते, फक्त ती संस्थेच्या उद्दिष्टांशी निगडित असावी आणि तिचे हिशेब वेगळे ठेवलेले असावेत. कलम ११(४ए) ची ती अट आहे. अडचण दुसरीकडे आहे. आपली नोंदणी 'गरिबांना साहाय्य' या उद्दिष्टाखाली बसते की 'सर्वसाधारण लोकोपयोगी कार्य' या उद्दिष्टाखाली, यावर बरेच अवलंबून आहे. दुसऱ्या प्रकारात मोडत असाल तर व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत राहावी लागते, आणि ऑक्टोबर २०२२ मधील अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राप्तिकर खाते हे बारकाईने पाहते. आपली वर्षाची एकूण जमा ६० लाख आणि पापड विक्री सुमारे १७ लाख, म्हणजे २८ टक्के. आपले उद्दिष्टपत्र आणि १२एबीचा आदेश मी पाहिलेला नाही, त्यामुळे आपण कोणत्या प्रकारात मोडता हे येथून सांगता येणार नाही. ही दोन कागदपत्रे घेऊन या आठवड्यातच लेखापालांकडे जा. उत्तर 'गरिबांना साहाय्य' असे आले तर केंद्र दोन वर्षे न्यासातच ठेवून सावकाश पक्के करता येईल. उत्तर 'लोकोपयोगी' असे आले तर एवढी सवड नाही, चालू आर्थिक वर्ष संपण्यापूर्वीच पाऊल उचलावे लागेल.

कलम ८ ची कंपनी हा पर्याय ऐकायला चांगला वाटतो आणि सल्लागार तो लगेच सुचवतात. तिला सीएसआर घेता येते, देणगीदाराला ८०जी मिळते. परंतु करसवलत हवी असेल तर २० टक्क्यांची तीच मर्यादा तिलाही लागू होते, नफा सभासदांना वाटता येत नाही, आणि सीएसआर घेण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास दाखवावा लागतो. आपल्याकडे न्यास आहेच. त्याच्या शेजारी त्याच गुणांची आणि त्याच मर्यादांची दुसरी संस्था उभी केल्याने लेखापरीक्षण दुप्पट होईल; केंद्राचा एकही प्रश्न सुटणार नाही.

माझा कल उत्पादक कंपनीकडे आहे. ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आली आणि आता २०१३ च्या कायद्याच्या प्रकरण २१ए मध्ये आहे. ती फक्त शेतकऱ्यांसाठी आहे असा सार्वत्रिक समज आहे, पण प्राथमिक उत्पादनाच्या व्याख्येत हातमाग, हस्तकला आणि कुटिरोद्योग यांचाही समावेश आहे. किमान दहा उत्पादक व्यक्ती आणि पाच संचालक लागतात, आपल्याकडे पंधरा महिला आहेत. शेअर कितीही असले तरी प्रत्येक व्यक्तीला एकच मत असते, बाहेरचा माणूस भागधारक होऊ शकत नाही, आणि नफा झाला तर तो त्यांच्याच घरात जातो. तिला देणगी आणि सीएसआर यांची दारे बंद होतात आणि नफ्यावर कर भरावा लागतो. उद्योग म्हणून उभे राहायचे असेल तर मला हे योग्यच वाटते. सहकारी संस्था हाही जवळचा पर्याय आहे आणि आपल्या भागात सहकाराची जाण असल्यामुळे महिलांना तो ओळखीचाही वाटेल. उपनिबंधक कार्यालयाशी आपले संबंध कसे आहेत, निवडणुकीचे वातावरण गावात कसे असते, यावर तो निर्णय मी सोडेन. खासगी मर्यादित कंपनी मी आपल्याला सुचवणार नाही, कारण तिचे मालक कोण, या प्रश्नाला आपल्याकडे आज समाधानकारक उत्तर नाही.

मालकीला मी इतके महत्त्व का देतो, याची साक्ष सार्वजनिक इतिहासातच आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर लिज्जत सुरू केले. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही असे त्यांनी आरंभीच ठरवले होते, आणि काम करणारी प्रत्येक भगिनी सहमालक मानली जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की १९६६ मध्ये त्यांनी नोंदणी केली ती सोसायटी आणि सार्वजनिक न्यास म्हणून, कंपनी म्हणून नव्हे. रूप धर्मादाय असले तरी शिस्त पहिल्या दिवसापासून उद्योगाची होती. म्हसवडच्या माणदेशीत चेतना सिन्हा यांनी फाउंडेशन आणि महिला सहकारी बँक या दोन स्वतंत्र संस्था ठेवल्या. १९९७ मध्ये सुरू झालेली बँक कर्जाचा व्यवहार सांभाळते आणि प्रशिक्षणाचे काम फाउंडेशनकडे राहते, त्यामुळे शिकवण्याचा खर्च बँकेच्या व्याजदरावर येऊन पडत नाही. दुसऱ्या टोकाला गरीब महिलांना लहान कर्जे देणारी एसकेएस मायक्रोफायनान्स आहे. १९९७ मध्ये स्वयंसेवी संस्था म्हणून सुरू झालेले काम २००५ मध्ये वित्त कंपनीत गेले, ऑगस्ट २०१० मध्ये तिचे शेअर बाजारात आले, आणि सक्तीच्या वसुलीच्या तक्रारी वाढल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारने सूक्ष्मवित्त कंपन्यांवर अध्यादेश काढला, त्याचा तडाखा तिला बसला. बाहेरचे भांडवल आले की ते वाढीचा वेगही सोबत मागते. तो वेग कर्जदार महिलांना झेपेल का, हे विचारायला मालकांत त्या महिला असाव्या लागतात.

तरीही उद्याच उत्पादक कंपनी नोंदवा, असे मी म्हणणार नाही. माणसांची तयारी त्याआधी व्हायला हवी आणि तीच सर्वांत अवघड असते. आपल्यासारख्या केंद्रांत मी वजनकाट्याशी बसून पाहिलेली एक गोष्ट सांगतो. संध्याकाळी महिला घरी वाळवलेले पापड आणून देतात. एखादीचा पापड बोटाने दाबल्यावर कडकन मोडत नाही, वाकतो. म्हणजे आत ओल आहे. समन्वयक ताईंना ते कळते. पण त्या महिलेचा नवरा आजारी आहे, हेही त्यांना माहीत असते, कारण त्याच तिला दवाखान्यात घेऊन गेलेल्या असतात; म्हणून त्या तो माल वजनात घेतात. तीन आठवड्यांनी नाशिकच्या दुकानातून बुरशी आलेल्या पाकिटांची खोकी परत येतात आणि दुकानदार पुढची मागणी देत नाही. ताईंची यात चूक नाही. सेवाकार्याने त्यांना हेच शिकवले आहे. परंतु ज्या व्यक्तीने आधार द्यायचा तिनेच माल नाकारायचा, ही अपेक्षा चुकीची आहे. म्हणून तपासणीचे काम महिलांपैकीच दोघींकडे पाळीपाळीने द्यावे, निकष लिहून भिंतीवर लावावेत, आणि नवऱ्याच्या आजारासाठी संस्थेने आपल्या साहाय्य निधीतून उघडपणे मदत करावी. तिची अडचण वजनकाट्यावर भागवली जाऊ नये.

माझ्या अनुभवात संस्था अडखळतात त्या कायद्यापेक्षा याच ठिकाणी अधिक. प्रकल्पाची माणसे अहवाल उत्तम लिहितात, बैठका उत्तम घेतात, पण थकलेली उधारी मागायला दुकानदारासमोर उभे राहणे त्यांना जड जाते. विक्रीसाठी एक स्वतंत्र व्यक्ती लागेल आणि तिला बाजाराप्रमाणे पगार द्यावा लागेल. तो संस्थेतल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या पगारापेक्षा अधिक असू शकतो, आणि त्यावरून होणारी कुरबुर मंडळाने आधीच बोलून मिटवावी. महिलांनाही बदल समजावून सांगावा लागेल. आजवर बैठकीला आल्याबद्दल भत्ता मिळत होता, उद्या त्यांना शेअरसाठी स्वतःचे पैसे घालावे लागतील. ही रक्कम लहान असावी, पण ती त्यांचीच असावी. संस्थेने त्यांच्या वतीने भरली तर मालकी कागदावरच राहते.

तेव्हा क्रम मी असा धरीन. येत्या महिन्यापासून केंद्राचे बँक खाते, साठा नोंदवही आणि नफा-तोटा पत्रक वेगळे करा. संस्थेची खोली आणि संस्थेची माणसे वापरल्याचा आकार केंद्राच्या हिशेबात दरमहा लावा, मग तो प्रत्यक्ष दिला जावो वा न जावो. किंमत आणि थेट विक्री यांवर सहा ते बारा महिने काम करा. सलग सहा महिने केंद्राने सीएसआरच्या पैशाशिवाय आपला पूर्ण खर्च भागवला की नोंदणीची तयारी सुरू करा, कारण कंपनीचे लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणपत्रे यांचा खर्च विक्री असो वा नसो होतोच. २० टक्क्यांच्या मर्यादेमुळे लवकर वेगळे व्हावे लागले, तर ही कसोटी लागण्यापूर्वी नोंदणी होईल आणि पहिल्या वर्षाचा तोटा कोण सोसणार हे लेखी ठरवून घ्यावे लागेल. आरोग्य, शिक्षण, कायदेविषयक मदत ही संस्थेची बाकीची कामे न्यासातच राहू द्या. त्यांना ग्राहक नाही आणि असू नये. त्यांच्यासाठी देणगी मागण्यात कमीपणा नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून मोफत शस्त्रक्रिया होतात हे उदाहरण मंडळात नक्की निघेल. तिथे एकाच सेवेला पैसे देऊ शकणारा मोठा वर्ग दारात होता, आपल्या कायदा मदत केंद्राच्या दारात तो नाही.

पुण्याच्या हितचिंतकांच्या १५ लाखांविषयी. केंद्राची खरी गरज खेळत्या भांडवलाची आहे. नाचणी सुगीनंतर स्वस्त असताना वर्षाची घेऊन ठेवायची, उन्हाळ्याच्या तोंडाला पापड करून साठवायचा आणि दुकानदाराला महिना-दीड महिना उधारी द्यायची, या साऱ्याला आजच्या उलाढालीत ३ ते ४ लाख रुपये पुरतात. उत्पादक कंपनीत त्यांना शेअर घेता येणार नाहीत, बाहेरच्या व्यक्तीकडून कर्ज घेताना कंपनीला ठेवींविषयीचे नियम आडवे येतात, आणि न्यासाने कर्ज घ्यायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा प्रश्न येतो. त्यांना मोकळेपणाने सांगा की भागभांडवल नको आहे. त्याऐवजी विक्री सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या दोन वर्षांच्या पगारापुरती देणगी त्यांनी न्यासाला द्यावी, आणि पुढे कंपनी झाल्यावर बँकेच्या कर्जाला जामीन राहावे. यात त्यांची रक्कमही कमी लागते आणि नेमकी जिथे उणीव आहे तिथे पोहोचते. ते यातून परताव्याची अपेक्षा धरत असतील, तर तेही आत्ताच स्पष्ट होईल.

शेवटी आपण ओझरता विचारलेला मुद्दा : पाकिटावर संस्थेचे नाव ठेवावे का. ठेवा, पण आधी त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी न्यासाच्या नावे करून घ्या आणि नव्या कंपनीला ते वापरण्याचा परवाना लेखी कराराने, ठरावीक वार्षिक मोबदला घेऊन द्या. अन्नसुरक्षा परवाना मात्र नव्या कंपनीच्या स्वतःच्या नावावर असावा लागेल. त्या करारात मजुरीचा किमान दर, सभासद महिलांकडूनच काम करून घेण्याची अट आणि दर वर्षी हिशेब न्यासासमोर ठेवण्याची अट घाला. अटी मोडल्या तर नाव परत घेण्याचा अधिकार न्यासाकडे राहील. मसुदा वकिलांकडून आल्यावर तो सोप्या मराठीत उतरवून पंधराही जणींच्या बैठकीत वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेले बदल त्यात घेतल्यानंतरच मंडळासमोर मंजुरीला ठेवा.